एका स्लाइडला एक आवाज: चवथ ते शिगमा

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या सुट्टीत सुरुवात केली, आता होळीच्या वेळचा शिगमाही होऊन गेला. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या शाळेतल्या सातवीच्या मुलांसाठी या काळात मी आवाजासह स्लाइड-शो करत आले. हाताशी पॉवरपॉइंट, गूगल स्लाइड्स आणि फोनचा माईक.

पहिला विषय तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ. १२ मिनिटांचं निवेदन सलग रेकॉर्ड केलं, कुठली स्लाइड कितव्या सेकंदाला बदलायची ते वहीत मांडलं. मग आठवलं, एक गोष्ट राहिलीच. आपली घरं चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, हे कदंबकालीन देऊळ मात्र काळ्या बेसॉल्टचं. तेवढं मध्ये घातलं आणि पुढचं सगळं निवेदन २० सेकंद मागे पडलं. वर्गात एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, तुम्ही कमळ म्हणता तेव्हा पडद्यावर नंदी असतो." छतावरचं ते कोरीव कमळ दाखवण्यासाठी एवढा खटाटोप केला होता. फार लागलं मनाला.

तेव्हापासून एका स्लाइडला एक आवाज. पॉवरपॉइंटमध्ये रेकॉर्ड केलेलं निवेदन आणि वेळ त्या त्या स्लाइडलाच जोडलेले राहतात, त्यामुळे बिघडलेली तेवढी स्लाइड पुन्हा करता येते. एकदा सकाळी रेकॉर्डिंग रंगात आलं होतं आणि पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या सायकलचा भोंगा नेमका 'गर्भगृह' या शब्दावर वाजला. पाव घेतले, तो पुढच्या वाड्यावर जाईपर्यंत थांबले आणि तेवढे ४० सेकंद पुन्हा बोलले. पूर्वी १२ मिनिटं परत करावी लागली असती. एक मात्र सांभाळायचं: स्लाइड पालटत असताना आवाज नोंदला जात नाही. वाक्य संपवा, श्वास घ्या, मग पुढे जा.

गूगल स्लाइड्समध्ये आवाज ड्राइव्हवरून घ्यावा लागतो, एमपी३ किंवा वेव्ह फाइल. तिची परवानगी वेगळी द्यायची असते. मी फक्त सादरीकरणाची दिली होती, मुलांना चित्रं दिसली, आवाज आलाच नाही. वेबवर प्रकाशित केलं तर आपोआप पुढे सरकण्याचा वेळ सगळ्या स्लाइडना एकच राहतो. वर्गात आपण समोर असतो तेव्हा ठीक, पण मुलाने घरी एकट्याने बघायचं असेल तर माझ्या मते ते उपयोगाचं नाही. घरी पाठवायला मी पॉवरपॉइंटमधून ७२०पी दर्जाचा व्हिडिओ काढते. डोंगराकडच्या वाड्यांवर रेंज जेमतेम, तिथे एवढाच उतरतो.

पावसात कौलांचा आवाज सगळीकडे शिरतो. बोलण्याआधी पाच सेकंद गप्प बसून नुसता तो आवाज घ्यायचा आणि ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्रॅमला नमुना म्हणून द्यायचा, म्हणजे बराचसा निवळतो. मुसळधार असेल तर रेकॉर्डिंग करूच नये.

सध्या उसगाळीमळच्या कातळशिल्पांवर काम चालू आहे. कुशावती नदीकाठच्या जांभ्यावर कोरलेल्या त्या चक्रव्यूहाच्या स्लाइडवर १० सेकंद मी काहीच बोलत नाही. तेवढ्यात मुलं पडद्यावर बोटाने वाट शोधतात.