तयार विजेट की स्वतः रेखाटलेली नियंत्रणे?
मुक्त स्रोत डेस्कटॉप सॉफ्टवेअर स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचे अंध वापरकर्त्याला बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामला, वाचता यावे यासाठी विकासकापुढे दोन मार्ग असतात : जीटीके किंवा क्यूटी या टूलकिटमधील (पडदा रचण्याच्या साधनसंचांमधील) तयार विजेट, म्हणजे बटणासारखे घटक, वापरणे, अथवा स्वतः रेखाटलेल्या नियंत्रणांना सुलभतेची जोड हाताने देणे. पहिल्या मार्गात बटणाची भूमिका आणि स्थिती टूलकिटच लिनक्सवर एटी-एसपीआय या सुलभतेच्या इंटरफेसमार्फत ऑर्का या स्क्रीन रीडरला कळवते. २०२० मध्ये आलेल्या जीटीके ४ ने तर टूलकिट आणि एटी-एसपीआय यांच्यामधला एटीके हा थरच वगळला. तरीही केवळ चित्र असलेल्या बटणाला नाव देणे विकासकाच्याच हाती असते, आणि नेमके तेच वारंवार राहून जाते.

दुसऱ्या मार्गात रूपाचे स्वातंत्र्य मिळते. पण नुसता रंगवलेला चौकोन स्क्रीन रीडरच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो, म्हणून प्रत्येक घटकाचे नाव, फोकसमधील (कळफलक सध्या ज्या घटकावर आहे त्यातील) बदल आणि कळफलकाने होणारा वावर स्वतंत्रपणे लिहावा लागतो, शिवाय विंडोजवर यूआय ऑटोमेशन या सुलभतेच्या इंटरफेससाठी आणि मॅकओएसवर तिथल्या इंटरफेससाठी निराळा. अ‍ॅक्सेसकिट ही लायब्ररी हा भार बराच हलका करते. माझ्या मते आलेख किंवा स्वरलिपीच्या संपादकासारखी खरी गरज नसेल, तर हा मार्ग धरू नये. आणि धरलाच, तर ऑर्का व विंडोजवरील स्क्रीन रीडर एनव्हीडीए चालू ठेवून, पडद्याकडे न पाहता, प्रत्येक आवृत्ती तपासावी.