नास्तिकता, धर्म आणि नीती या ऑनलाइन कोर्सचा रिव्ह्यू: पाचपैकी साडेतीन स्टार

नास्तिक जास्त आक्रमक की धार्मिक, आणि माणसाला बरंवाईट कळतं ते कुठून, या विषयावरचा दहा लेक्चरचा रेकॉर्डेड कोर्स पूर्ण केला. शिकवणारे दोघं प्राध्यापक आहेत, एक श्रद्धाळू, एक नास्तिक, आळीपाळीने बोलतात, आवाज चढवत नाहीत, एकमेकांचं बोलणं तोडत नाहीत, आणि या विषयावर हे दुर्मिळच म्हणायला हवं. नीती कुठून येते यावरची लेक्चर्स खरंच ऐकण्यासारखी आहेत. आक्रमकतेवरची पहिली तीन मात्र फसली आहेत असं माझं स्पष्ट मत.

फसली का, तर तिथे नुसता हिशोब चालतो. नास्तिक प्राध्यापक १०९५ मध्ये पोपने केलेलं क्रूसेडचं, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धाचं, आवाहन काढतात, मग १५७२ चं पॅरिसमधलं कॅथलिकांनी केलेलं प्रोटेस्टंटांचं हत्याकांड, मग १६१८ ते १६४८ चं युरोपातलं कॅथलिक-प्रोटेस्टंट तीस वर्षांचं युद्ध. श्रद्धाळू प्राध्यापक उलट १७९३ चा फ्रान्स काढतात, जिथे चर्चेस बंद करून नोत्र दाममध्ये बुद्धीचा उत्सव साजरा झाला, मग १९३१ मध्ये मॉस्कोत सुरुंग लावून पाडलेलं ख्राइस्ट द सेव्हियर कॅथेड्रल, मग १९६७ चा अल्बानिया, जिथे सगळ्या मशिदी आणि चर्चेस बंद करून देश नास्तिक असल्याचं जाहीर केलं गेलं. सगळं खरं आहे हो, पण पुढे काय? तीस वर्षांच्या युद्धात कॅथलिक फ्रान्स प्रोटेस्टंट स्वीडनच्या बाजूने कॅथलिक हॅब्सबर्ग राजघराण्याविरुद्ध लढला हे एकाही लेक्चरमध्ये येत नाही, आणि स्टालिनने युद्धाच्या ऐन धामधुमीत १९४३ मध्ये त्याच रशियन ऑर्थोडॉक्स चर्चला पुन्हा पॅट्रिआर्क, म्हणजे प्रमुख धर्मगुरू, निवडू दिला हेही येत नाही. म्हणजे धर्म असो की नास्तिकता, सत्तेला गरज पडली की दोन्ही वाकवता येतात, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच होतं जे दोघांनीही वगळलं.

त्यावर कडी म्हणजे दुसऱ्या लेक्चरनंतरचं क्विझ. प्रश्न असा, की इतिहासात जास्त बळी कोणाच्या नावावर, आणि चार ऑप्शन, त्यातला एक बरोबर धरलेला! मेलेल्या माणसांवर एका मार्काचा प्रश्न काढायचा, मला ते फार लागलं. शिवाय एखादा माणूस धर्मासाठी मारला गेला, जमिनीसाठी, की राजाच्या हट्टासाठी, हे असं एका टिकने ठरत नाही.

आक्रमकता मोजायचीच असेल तर माझ्या मते बघायची गोष्ट एकच, सोडून जाणाऱ्याचं काय होतं. आजही काही देशांत धर्म सोडला तर कायद्यात मृत्युदंड आहे. १९६७ नंतरच्या अल्बानियात उलटं होतं, प्रार्थना करायची तर लपूनछपून. आणि जिथे कायदा मध्ये पडत नाही तिथेही घरातून तोडणं, लग्न मोडणं, वारसा नाकारणं हे चालूच असतं. आता कोणी ऑनलाइन नास्तिक ग्रुपमध्ये म्हणालं की मला परत श्रद्धा वाटायला लागली, तर त्याला मूर्ख ठरवतात, पार घालून पाडून बोलतात, तेही वाईटच आहे आणि मी त्याचं समर्थन करणार नाही, पण त्याचा जीव जात नाही आणि घर सुटत नाही. या मापाने आज धर्माच्या नावावरची जबरदस्ती जास्त ठिकाणी दिसते, कारण आज जास्त ठिकाणी सत्ता धर्माच्या हातात किंवा धर्माच्या सोबत आहे, आणि नास्तिकांच्या हातात पूर्ण सत्ता आली तेव्हा त्यांनी काय केलं तेही वर लिहिलंच आहे.

चौथ्या लेक्चरपासून कोर्स एकदम वर जातो. सुरुवात प्लेटोने सॉक्रेटिसच्या तोंडी घातलेल्या जुन्या प्रश्नाने होते: देवाला आवडतं म्हणून एखादी गोष्ट चांगली, की चांगली आहे म्हणून देवाला आवडते? श्रद्धाळू प्राध्यापक इथे पळवाट काढत नाहीत, ते म्हणतात देवाचा स्वभावच चांगुलपणा आहे. मला ते पटलं नाही, कारण मग त्या स्वभावाला चांगला म्हणायचं ते कशाच्या आधारावर हा प्रश्न उरतोच, पण त्यांनी तो विरोधी बाजू पूर्ण ताकदीने मांडून मगच हाताळलाय. नास्तिक प्राध्यापक डार्विनच्या १८७१ च्या मांडणीपासून हॅमिल्टन (१९६४) आणि ट्रिव्हर्स (१९७१) या जीवशास्त्रज्ञांपर्यंत नेतात, नात्यातल्यांसाठी झीज सोसणं आणि परतफेडीच्या भरवशावर मदत करणं उत्क्रांतीत कसं टिकतं ते छान सोपं करून सांगतात. फक्त एक जागा ते घाईत ओलांडतात. आपल्याला दया का वाटते हे उत्क्रांतीतून कळलं तरी दया करायलाच हवी हे त्यातून निघत नाही, तत्त्वज्ञ ह्यूमने अठराव्या शतकातच हे दाखवून दिलंय, आणि परक्याचा तिरस्कारही त्याच उत्क्रांतीतून आलेला असू शकतो, मग दोन्हीतलं एक निवडायचं कशाने?

सहावं लेक्चर सगळ्यात भारी. १९७३ चा डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग, प्रिन्स्टनमधले धर्मशिक्षण घेणारे ४० विद्यार्थी. त्यांना दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्यायचं होतं, काहींना विषयच दिला होता वाटेत पडलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या परोपकारी माणसाच्या बायबलमधल्या गोष्टीचा. वाटेत दारापाशी एक माणूस मान खाली घालून खोकत, कण्हत बसवलेला. ज्यांना वेळ आहे असं सांगितलं होतं त्यांच्यातले ६३ टक्के थांबले, ज्यांना उशीर झालाय असं सांगितलं त्यांच्यातले फक्त १० टक्के, आणि काहीजण तर तीच गोष्ट सांगायला जाताना त्या माणसाला ओलांडून गेले. धार्मिकता किती यावरून कोण थांबणार ते ठरलं नाही, घाईवरून ठरलं. इथे मी पॉझ करून बराच वेळ विचार करत बसले, कारण आपण देव आहे की नाही यावर रात्र रात्र भांडतो आणि समोरच्याकडे बघायला आपल्याला वेळ आहे का हे कोणी विचारतच नाही.

गुलामगिरीवरचं लेक्चरही चांगलंय. १७८७ मध्ये लंडनला गुलामांच्या व्यापाराविरुद्ध जी समिती झाली तिच्या १२ संस्थापकांपैकी ९ क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते, आणि दुसरीकडे गुलामांचे मालकही त्याच बायबलमधली वाक्यं दाखवत होते. ग्रंथ एकच असून एकाला त्यात मुक्ती सापडते आणि एकाला बेड्या, म्हणजे वाचणाऱ्याकडे आधीच काहीतरी माप होतं ना! तरीही ती चळवळ उभी करायला लागणारी माणसं, सभा, चिकाटी त्यांना धर्मानेच दिली, हे नास्तिक प्राध्यापकांनी मोकळेपणाने मान्य केलं ते मला खूप आवडलं.

मोठी उणीव म्हणजे धर्म म्हटलं की यांच्या डोळ्यासमोर एक निर्माता देव आणि त्याच्या आज्ञा एवढंच येतं. बौद्ध आणि जैन परंपरेत जग निर्माण करणारा ईश्वर नाही आणि तरी आचाराचे नियम किती कडक, मीमांसक, म्हणजे वेदांतल्या कर्मकांडाचा अर्थ लावणारे तत्त्वज्ञ, वेद प्रमाण मानतात पण निर्माता ईश्वर मानत नाहीत. यांना कोणत्या रकान्यात टाकणार? अशोकाचा बारावा शिलालेख सांगतो की स्वतःच्या पंथाची फाजील स्तुती आणि दुसऱ्याची निंदा करणारा स्वतःच्याच पंथाचं नुकसान करतो, आक्रमकतेवरच्या लेक्चरमध्ये ते यायलाच हवं होतं. दहा लेक्चरमध्ये यातलं अक्षरही नाही.

ॲप ठीकठाक, स्पीड दर वेळी परत सेट करावा लागतो, सबटायटल्स बऱ्यापैकी बरोबर, नोट्स डाउनलोड होतात.

आता दीड स्टार कशाचे कापले ते. सातव्या लेक्चरमध्ये धार्मिक घरातली मुलं कमी उदार असतात असं सांगणारा २०१५ चा अभ्यास पुरावा म्हणून येतो. तो २०१९ मध्ये मागे घेतला गेलाय, देशांना दिलेले १, २, ३ असे कोड नंबर गणितात खऱ्या आकड्यांसारखे वापरले गेले होते. आणि आठव्यात श्रद्धाळू प्राध्यापक २००७ चा प्रयोग देतात, देवाशी संबंधित शब्द नजरेखालून घातले की लोक जास्त पैसे वाटतात असा, तोही २०१५ मध्ये नीट आखून परत केला तेव्हा तसा परिणाम मिळाला नाही. विषयच खरेपणाचा असताना हे चालणार नाही. सपोर्टला दोन्हीबद्दल सविस्तर लिहिलं, फीडबॅकबद्दल धन्यवाद एवढंच उत्तर आलं आणि लेक्चर्स अजून तशीच आहेत. घेणार असाल तर चौथ्यापासून सुरू करा, सातवं-आठवं ऐकताना हे लक्षात ठेवा, आणि त्यांनी दुरुस्ती टाकली तर मी इथे रेटिंग वाढवेन.