नवेल्लीच्या केशराच्या शेतावर सहा दिवस

ऑक्टोबर २०२३च्या शेवटच्या आठवड्यात मी, बायको आणि आई असे आम्ही तिघं ठाण्याहून इटलीतल्या आब्रुझ्झोला जाऊन आलो. रोमहून लाक्विला शहरापर्यंत बसने साधारण दीड तास आणि पुढे नवेल्लीच्या पठारावर एका शेतकऱ्याच्या घरी मुक्काम, याला तिकडे आग्रितुरिस्मो म्हणतात. पाचपैकी साडेचार देईन, अर्धा का कापला ते खाली.

मुख्य गोष्ट केशर. फूल उमलायच्या आत खुडावं लागतं म्हणून सकाळी सहाला अंधारातच सगळे शेतात, थंडी मरणाची, मग टोपल्या घेऊन स्वयंपाकघरातल्या लांब टेबलाभोवती बसायचं आणि एकेका फुलातले तीन लाल तंतू वेगळे काढायचे. घरच्या आज्जींचा हात इतका भराभर चालायचा की मला जांभळी नाक्यावरच्या गजरेवाल्या मावशी आठवल्या. दुसऱ्या दिवसापासून आई त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसली, एकीची भाषा दुसरीला येत नाही तरी दोघींच्या गप्पा चालू, बोटं हळद लागल्यासारखी पिवळी. तंतू चाळणीत पसरून लाकडाच्या निखाऱ्यावर धरून वाळवतात, तेव्हा घरभर जो वास सुटतो ना, बस्स. किलोभर केशराला दीड-दोन लाख फुलं लागतात हे आधी वाचलेलं, पण तीन तास बसून वाटीचा तळ पण झाकला जात नाही तेव्हा खरं कळतं.

ट्रेकवाल्यांनी रोक्का कलाशोचा किल्ला चुकवू नका, सान्तो स्तेफानो गावातून आरामात चालत जाता येतं. कांपो इम्पेरातोरे हे पठारच १८०० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा उंच, आणि समोर २९१२ मीटरचा कोर्नो ग्रांदे. पूर्वी इथले मेंढपाळ थंडीत मेंढ्या घेऊन खाली दक्षिणेतल्या पुलिया प्रांताकडे उतरायचे, शंभर मीटरहून रुंद गवताच्या वाटा खास त्यासाठी राखलेल्या, त्यांना त्रात्तुरो म्हणतात. मालक हे सांगत होता आणि मला आपले दिवाळीनंतर कोकणात उतरणारे धनगर दिसत होते. या हिंडण्याला २०१९ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली, आपल्या धनगरांचं कोणी एवढं कौतुक कधी करणार?

जेवण घरचंच. मटण खाणाऱ्यांनी अरोस्तिचीनी खा, मेंढीच्या मटणाचे बारीक तुकडे काडीला लावून कोळशावर भाजतात. आई शाकाहारी, तिला सान्तो स्तेफानोच्या बारीक मसुराचं सूप रोज मिळालं आणि तिने एकदाही कुरकुर केली नाही!

आता अर्धा मार्क. ठाण्यातल्या ज्या एजंटकडून बुकिंग केलं त्याने गाडीची गरज नाही, दारापर्यंत बस आहे असं छातीठोक सांगितलेलं. बस हमरस्त्यावर सोडते, घर तिथून बरंच आत, आणि रविवारी तर बसचा पत्ताच नाही. मालकाच्या मुलाने पिकअप काढून सगळीकडे फिरवलं म्हणून निभावलं, पण तुम्ही गाडी भाड्यानेच घ्या, इंटरनॅशनल परमिट ठाण्यातून निघतानाच काढून ठेवा.

२८ला कोजागिरी होती आणि नेमकं त्याच रात्री ग्रहण. आई अडूनच बसली, ग्रहण सुटल्याशिवाय दूध तापवायचं नाही. अकराच्या सुमारास सुटलं, मग स्वतः निवडलेलं केशर घालून तिने पातेलंभर दूध आटवलं, आज्जींनी दोन कप घेतले आणि जाताना आईच्या हातात केशराची एक छोटी डबी ठेवली, पैसे घेतलेच नाहीत.