मॅकिन्टॉश एमसी२७५ की एमसी३१२? ट्यूब घ्यायची की ट्रान्झिस्टर

ऑडिओ कंपनी मॅकिन्टॉशचा पॉवर अ‍ॅम्प (स्पीकरला ताकद पुरवणारा डबा) घ्यायचं ठरलं की गाडी शेवटी याच दोघांवर येऊन अडते, एमसी२७५ ट्यूबचा म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हचा आणि एमसी३१२ ट्रान्झिस्टरचा. फोटोतले ते निळे मीटर बघून कंपनीच्या प्रेमात पडला असाल तर आधीच सांगतो, एमसी२७५ ला मीटर नाहीत, ते एमसी३१२ वर मिळतील.

२७५ पहिल्यांदा आला १९६१ साली, चार केटी८८ ट्यूब आणि प्रत्येक चॅनलला ७५ वॅट. पण त्याचा खरा जीव आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये आहे, म्हणजे ट्यूबमधली वीज स्पीकरला साजेशी करणाऱ्या भागात. फ्रँक मॅकिन्टॉश आणि गॉर्डन गाव यांनी १९४९ मध्येच युनिटी कपल्ड सर्किट काढलं होतं, त्यात वाइंडिंग म्हणजे तारेची वेटोळी एकमेकांना इतकी घट्ट जोडून गुंडाळतात की एक ट्यूब थांबून दुसरी काम हातात घेते त्या क्षणी आवाजात जो खड्डा पडायचा तो पडत नाही. माणसाचा आवाज, व्हायोलिन, सॅक्सोफोन यात २७५ जी ऊब देतो ती मला अजूनही जबरदस्त आवडते.

३१२ चं गणित वेगळं. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पला आउटपुट ट्रान्सफॉर्मर सहसा लागतच नाही, तरी हे लोक ऑटोफॉर्मर (त्याच कामाचा एक ट्रान्सफॉर्मर) लावतात, म्हणून स्पीकर २, ४ किंवा ८ ओमचा (ओम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) असो, योग्य टर्मिनलला जोडला की ३०० वॅट मिळतातच. डिस्टॉर्शन (आवाजात येणारी विकृती) कागदावर ०.००५ टक्के, २७५ चं ०.५ टक्के, आता एवढा फरक ऐकून कळेलच असं नाही, मी तरी या आकड्यावरून निर्णय घेणार नाही.

वॅटचंही तसंच. ७५ चे ३०० झाले म्हणजे आवाज चौपट मोठा होत नाही हो, फक्त ६ डेसिबल वाढतात. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी (ठरावीक ताकदीला तो किती मोठा वाजतो ते) ९० डेसिबलच्या वर असेल, खोली मध्यम असेल तर २७५ ला धाप लागत नाही. पण स्पीकर ८४-८५ चा, त्यात बेसला इम्पिडन्स (वर म्हटलेला ओममधला अडथळा) ३ ओमपर्यंत खाली जाणारा असेल तर डोळे झाकून ३१२ घ्या, शिवाय त्यात पॉवर गार्ड आहे, अ‍ॅम्प क्लिप व्हायला, म्हणजे ताकद संपून आवाज फाटायला लागला की तो इनपुट आपोआप कमी करतो आणि ट्वीटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर) वाचतो.

ट्यूब झिजतात, काही हजार तासांनी बदलाव्याच लागतात, आणि केटी८८ मॅच केलेल्याच, म्हणजे एकसारख्या मोजून जुळवलेल्याच घ्या. बायस (ट्यूबमधून वाहणारा स्थिर प्रवाह) सेट करत बसावं लागत नाही हे मात्र फार सुख आहे. उष्णता भरपूर, बंद कपाटात २७५ ठेवायचा विचारही नको. दिवसभर मागे गाणी चालू ठेवणाऱ्यांनी सरळ ३१२ घ्यावा, आणि संध्याकाळी निवांत बसून एकेक रेकॉर्ड ऐकणाऱ्यांना मी २७५ च सांगेन.

दोन्हीला प्रीअ‍ॅम्प (आवाज कमी-जास्त करणारा, सोर्स निवडणारा डबा) वेगळा लागतो, तो बजेटमध्ये आधीच धरा.