तक्रार कुठे करावी: चॅटवर की फोनवर?

ऑर्डर कुठवर आली, पैसे परत कधी मिळणार, पत्ता कसा बदलायचा, अशा प्रश्नांना चॅटच बरा. उत्तर संगणकात आधीच नोंदलेलं असतं, ते काढून द्यायला माणूस कशाला हवा? रात्री दोन वाजताही काम होतं. शिवाय एकच कर्मचारी एका वेळी दोन-तीन ग्राहकांशी चॅट करू शकतो, फोनवर एकाशीच बोलता येतं. कंपन्यांचा ओढा चॅटकडे आहे तो यामुळेच.

प्रकरण चाकोरीबाहेरचं असलं की चित्र पालटतं. पैसे दोनदा कापले गेले, खातं भलत्यानेच वापरलं, तर चॅटवरचा बॉट, म्हणजे आपोआप उत्तरं देणारा प्रोग्राम, तेच चार पर्याय पुन्हा पुन्हा पुढे करतो. फोनवरचा माणूस नेमका प्रश्न विचारतो, आवाजातली घाई ओळखतो, वरिष्ठांशी जोडून देतो. ताटकळावं लागतं हे खरं, तरी अशा वेळी मी फोनच निवडेन.

चॅटची एक बाजू मात्र फार मोलाची: लेखी पुरावा. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सवलतीच्या भाड्याबद्दल चुकीची माहिती दिली होती. त्या प्रवाशाकडे संभाषणाचा स्क्रीनशॉट होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील न्यायाधिकरणाने कंपनीलाच जबाबदार धरलं आणि भरपाई द्यायला लावली. फोनवरच्या आश्वासनाचं रेकॉर्डिंग बहुधा कंपनीकडेच राहतं. म्हणून फोन ठेवण्याआधी तक्रार क्रमांक मागून घ्या, आणि जे ठरलं ते ईमेलवर पाठवायला सांगा.