‘कोर्टाची पायरी चढावी लागणार नाही’ म्हणणाऱ्यापासून सावध राहा

अपघाताच्या भरपाईच्या क्लेममध्ये एका दलालाने माझ्या बहिणीला कसं लुटलं ते लिहितोय. एरंडोल-पारोळा-धुळे पट्ट्यात महामार्गाने माणूस नेलेली घरं कमी नाहीत, आणि हा गडी उद्या त्यातल्याच एखाद्या ओट्यावर जाऊन बसेल.

मेहुण्यांच्या मोटारसायकलला मागून ट्रकने उडवलं. पोस्टमार्टेमचे कागद हातात यायच्या आधीच तो दलाल, ‘क्लेमवाला’, हजर. गंधमुक्तीच्या दिवशी तर तो घरचाच असल्यासारखा पाहुण्यांना पाणी देत फिरत होता. तिकडे ट्रकमालकाने निरोप धाडला, लाखभर घ्या अन् मिटवा. भाऊबंदकीतले चार वडीलधारे म्हणाले घेऊन टाका, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. क्लेमवाल्याने तीच म्हण पकडली. ताईला म्हणाला, “तुले कोर्टनी पायरी चढानी गरज नही माय, मी शे ना.” नवरा गेलेल्या बाईला त्याहून गोड काय लागणार? कोऱ्या वकीलपत्रावर, स्टॅम्पपेपरवर सह्या झाल्या. शहरात तिच्या नावाने नवीन खातं उघडलं गेलं, आणि सही केलेलं चेकबुक ‘सांभाळायला’ त्याच्याकडे. वकिलाचं तोंड ताईने पाहिलं नाही.

दावा मात्र खरा होता आणि नीट चालला. मोटार अपघात न्यायाधिकरणाने व्याजासह चौदा लाख मंजूर केले, विमा कंपनीने भरले. त्यातले आठ लाख ताईच्या आणि पोरांच्या नावाने मुदत ठेवीत, सहा लाख खात्यात. त्या सहा लाखांतून क्लेमवाल्याने चार लाख वीस हजार काढले. शेकडा तीस, तेही पुऱ्या चौदा लाखांवर! ताईच्या हाती एक लाख ऐंशी हजार.

एवढ्यावरही त्याचं पोट भरलं नाही. घर दुरुस्तीचं कारण दाखवून ठेव मोडायचा अर्ज ताईच्या सहीने दाखल केला, आणि तिथेच तो अडकला. न्यायाधीशांनी अर्जदार बाईला समोर बोलावलं. मराठीतच विचारलं, कुठलं घर, किती खर्च? ताई म्हणाली, मला यातलं काहीच माहीत नाही. अर्ज तिथल्या तिथे फेटाळला, आणि तिला फुकट कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात पाठवलं. पायरी चढली म्हणून आठ लाख वाचले.

म्हणून गावात कुणी ‘वकील म्हणजे चोर, कोर्ट म्हणजे वाटोळं’ म्हणालं की मला पटत नाही. तारखा रेंगाळतात, हेलपाटे पडतात, ते खरंच आहे. पण लाखाचे चौदा लाख दाव्यानेच केले. वडीलधाऱ्यांच्या शहाणपणाने पोरांच्या वाट्याला काय आलं असतं? लूट झाली ती कोर्टाच्या बाहेर, बँकेच्या काउंटरवर. लोक पायरीला भितात, त्या भीतीवरच या दलालांची दुकानं चालतात. त्यांच्या मागे सह्या करणारा वकील असतो, त्याला मी सोडत नाही. आमचा म्हणतो, मला फक्त माझी फी मिळाली, बाकी त्याचं त्याला माहीत!

विधी सेवेकडून मिळालेल्या वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं ते आधी कुणी सांगायला हवं होतं. बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या, नियमांप्रमाणे वकिलाला निकालावर फी ठरवता येत नाही, मिळालेल्या रकमेत वाटाही घेता येत नाही. म्हणजे ‘टक्केवारी’ हा शब्द निघाला तिथेच उठायचं. बाईला, तसंच अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, १९८७ च्या विधी सेवा कायद्याने वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टातही समिती असते, फोन १५१००. दावा राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणातही लावता येतो. आपल्या केसचा सीएनआर नंबर, म्हणजे कोर्टाने केसला दिलेला ओळख नंबर, घेऊन ठेवा. ई-कोर्ट्सच्या ॲपवर तारीख आणि आदेश दिसतात, दहावीतल्या पोरालाही जमतं. फी थकली म्हणून वकील फाईल अडवू शकत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००० सालीच सांगून ठेवलंय. आणि चेकबुक, पासबुक, एटीएम कार्ड कुणाच्याही हाती देऊ नका, सख्ख्या भावाच्याही नाही. मी भाऊच आहे, म्हणून सांगतो.

दलालांसाठीही कायदा आहे. वकील कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीने कोर्टाला त्यांची यादी लावता येते आणि यादीतल्याने तरी धंदा केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाचशे रुपये! चार लाख वीस हजार उचलणाऱ्याला!

आम्ही पोलिसांत फसवणुकीची तक्रार दिली आहे, आणि वकिलाविरुद्ध महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे, १९६१ च्या वकील कायद्याच्या कलम ३५ खाली. खात्याचा उतारा आणि वटलेल्या चेकच्या प्रती जोडल्यात. तुमच्याशी असं झालं असेल तर बँकेकडून आधी तेवढं मागून घ्या. रोखीने दिलेल्याचा काहीच पुरावा राहत नाही. क्लेमवाला सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात अजून फिरतोच आहे.