तबेल्यातला रात्रीचा कॅमेरा : पाचपैकी साडेतीन

कॅमेरा घेतला तो चोरांसाठी नाही, म्हातारीसाठी. माझी घोडी, उंचीने खरं तर तट्टूच, 27 वर्षांची. काही महिन्यांपासून तिचं काहीतरी बिनसलं होतं. चंदी समोर ठेवली तरी भिंतीकडे तोंड करून उभी. खरारा करायला हात लावला की दचकायची. ज्या सोबतिणीशिवाय पाऊल टाकायची नाही, तिच्यावरच कान पाडून धावून जायची. मी निकाल देऊन मोकळा झालो : साठी बुद्धी नाठी.

डॉक्टरांना ते पटलं नाही. कुत्र्या-मांजरांच्या म्हातारचळाचा बराच अभ्यास झालाय, घोड्यात मात्र 'हाच तो' असं ठरवणारी तपासणी नाही, त्यामुळे आधी बाकीचं सगळं बघायचं, असं त्यांचं म्हणणं. डोळे, दात, सांधे, यकृत. शिवाय कुशिंग, म्हणजे हार्मोन्स बिघडवणारा आजार. पंधरा वर्षांपुढच्या घोड्यांत तो बऱ्याचदा निघतो. जनावर मलूल होतं, लांब केस झडत नाहीत आणि मालक म्हणतो, वय झालं. रक्त घेतलं. जाता जाता त्यांनी विचारलं, "रात्री आडवी होते का?" मला सांगता येईना. म्हणून हा कॅमेरा.

अंधारातलं चित्र झकास, कान हललेलेही दिसतात. पण 'हालचाल दिसली तरच रेकॉर्डिंग' ही सोय या कामाला कुचकामी. पहिल्या तीन रात्री मला फक्त भिंगावर जाळं विणणारा कोळी बघायला मिळाला! उभ्या उभ्या पेंगणारं जनावर हलत नाही, आणि आपल्याला नेमकं तेच बघायचं असतं. सलग रेकॉर्डिंग लावा, मोठं कार्ड टाका आणि सकाळी पळवत बघा. (वायर तोंड पोचणार नाही अशी न्या. माझी एक गेली.)

पाच रात्री बघितल्या. म्हातारी एकदाही बसली नाही. पहाटे पावणेतीनच्या सुमारास मान खाली खाली जाते, पुढचे गुडघे दुमडतात, पडता पडता ती दचकून सावरते. थोड्या वेळाने पुन्हा तेच. पुढच्या पायांवर, खुराच्या वरच्या सांध्याला ज्या खपल्या होत्या, त्या मी दाराला घासून झाल्यात असं समजत होतो. घोडा उभ्याने डुलकी काढतो, पण स्वप्नं पडतात ती गाढ झोप त्याला आडवं झाल्याशिवाय लागत नाही. दिवसभरात अर्धा-पाऊण तास पुरते, तेवढीही हिला मिळत नव्हती. सांधे धरलेले, एकदा बसलो तर उठता येणार नाही, हे तिला कळत होतं. म्हणजे बुद्धी शाबूत होती म्हणायची.

कुशिंग निघालं नाही. वेदनाशामक सुरू केलं, अंथरूण दुप्पट जाड केलं. सहाव्या रात्री ती पस्तीस मिनिटं पाय पसरून पडली होती. ते मात्र मी न पळवता बघितलं. दचकणं जवळपास थांबलंय, सोबतीणही सुटली.

सगळीच लक्षणं गेली असं नाही. फाटक उघडायची वेळ झाली की ती अजूनही कधी कधी बिजागरीच्या बाजूला जाऊन वाट बघते. डोळे तपासलेत, ठीक आहेत. तिथे दुसरा कॅमेरा लावतोय, याच कंपनीचा. दीड गुण कापलाय तो कोळ्यापायी.